लोणच्याच्या बरणीतला कॅमेरा

पाण्याखाली चालणारा कॅमेरा कसा निवडावा, हे अख्ख्या इंदुरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! विचारा कुणालाही. म्हणजे, आमच्या घरचे सोडून.

राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख इंदूर अजून करत होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमची नात भानुमती दहा वर्षांची. तिला छत्रीबागेतल्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पोहायला शिकायचं होतं. तिची आजी द्वारकाबाई काही ऐकेना.

"शिकवणार कोण?"

"मी!"

"अहो, वीस वर्षांत बादलीपलीकडचं पाणी पाहिलंय का तुम्ही?"

"पाण्याखाली मांडी घालून बसतो मी! चल बघायला."

"माझे गुडघे त्या पायऱ्या उतरत नाहीत. पुरावा आणा, मग न्या पोरीला."

मी हायकोर्टात तिची केस लढवणार आहे, अशा नजरेने भानुमतीने माझ्याकडे पाहिलं. आता पुरावा म्हणजे फोटो!

मला अक्षरओळख झाली बावन्नाव्या वर्षी. त्यामुळे छापलेलं सगळं मला खरंच वाटतं. एका मासिकात चित्र होतं. एक गोरा साहेब, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, आणि पाण्यात बुडून माशांचे फोटो काढतोय! ते पान घेऊन मी तुकोगंजातल्या फोटोवाल्या शरदचंद्रांकडे गेलो.

"यातला एक द्या."

त्यांनी पान उलटंसुलटं पाहिलं. "अप्पासाहेब, इथे कोरडे कॅमेरेच मुश्किलने विकले जातात!"

शेवटी त्यांनी एक जुना डबा-कॅमेरा उसना दिला. "भिजला तर तुमचा," एवढंच म्हणाले.

आता या कॅमेऱ्याला रेनकोट शोधायचा होता. सल्लागार म्हणून शेजारचा सायकलवाला लक्ष्मण आला. मी शेकायची रबरी पिशवी पुढे केली.

"अप्पासाहेब, यातून दिसणार काय? अंधेरा?"

बिस्किटांचा डबा बादलीत बुडवून पाहिला, तर तो दमेकऱ्यासारखा बुडबुडे काढायला लागला. मग माझी नजर फळीवर गेली. काचेची बरणी! रुंद तोंडाची, स्वच्छ. आत कैरीचं लोणचं होतं, पण ही काही फार मोठी अडचण नव्हे. द्वारकाबाई देवळात जाताच लोणचं पातेल्यात काढलं आणि बरणी तीनदा धुतली. आत कॅमेरा ठेवला. तोंडावर सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून तारेने आवळलं. रबरावरून बोट दाबलं की आत खटका पडायचा. तरंगू नये म्हणून बुडाला दोन विटा बांधल्या.

"मान गये, भिया!" लक्ष्मण म्हणाला.

एक गोष्ट मात्र राहिली होती. आमचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. आमच्या घराण्यात उघड्या डोक्याने फोटो काढत नाहीत. लग्नातला असो की पेन्शनच्या कागदावरचा! मग पाण्याखालचा तरी कसा काढणार? मी तीस हातांचं लाल पागोटं बांधलं.

"खाली लंगोट, वर पागोटं?" लक्ष्मणने विचारलं.

"फोटो छातीपर्यंतच काढ!"

दुपारी बाराला ऊन थेट बावडीत उतरलं. लक्ष्मण पायरीवर छातीभर पाण्यात उभा, बरणी बुडवून धरलेली. भानुमती काठावर आकडे मोजायला. मी नाक दाबलं आणि गेलो खाली!

पहिले वीस आकडे मस्त गेले. मांडी घातली. मिशा नीट केल्या. तेवढ्यात पागोट्याचं टोक सुटलं. तीस हात कापड पाण्यात फुगलं आणि अजगरासारखं माझ्यावर चालून आलं! एक वेढा गळ्याला, दोन पायांना. सोडवायला जावं तर आणखी दोन!

वर काय झालं ते भानुमतीने नंतर सांगितलं. पायऱ्यांवरून आरोळी आली, "माझी बरणी!"

द्वारकाबाई! हातात पुराव्यादाखल लोणच्याचं पातेलं! लक्ष्मण असा दचकला की बरणी त्याच्या हातातून सुटली आणि विटांसकट निघाली तळाला.

"आजी, आजोबापण खालीच आहेत!"

"आधी बरणी!"

पातेलं पायरीवर ठेवून, कासोटा आवळून, त्या गुडघेदुखीवाल्या बाईने सरळ सूर मारला!

मला खाली एवढंच कळलं की तिचा एक हात बरणीवर होता आणि दुसरा माझ्या शेंडीवर. वर आल्यावर मी खोकत होतो. ती बरणीला तडा गेलाय का ते बघत होती.

"तुला... पोहता येतं?"

"माहेर महेश्वरचं माझं. नर्मदेत वाढले. चाळीस वर्षांत विचारलंत कधी?"

फिल्मवर एकच फोटो निघाला. बरणी पकडताना तिचंच बोट रबरावर पडलं होतं. फोटोत माझे दोन तळपाय आणि भोवती कापडाची जिलेबी. घराण्याची रीत मात्र पुरेपूर पाळली गेली. फोटोत पागोटं आहे, डोकं नाही!

द्वारकाबाईने तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. हसून हसून तिचा पदर डोळ्यांना लागला.

"मिळाला पुरावा. पोरगी उद्यापासून पोहायला जाईल. मी नेईन."

भानुमतीने अंगणात अशा उड्या मारल्या की शेजारची गाय दोर तोडून पळाली! उन्हाळा संपेपर्यंत पोरगी बावडी आरपार पोहायला लागली. काठावर दोघींचे पंचे सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी अगदी चोख केलं.

लोणचं बरणीत परत गेलं. वर्षभर त्याला सायकलच्या ट्यूबचा वास येत होता. "कसं झालंय?" द्वारकाबाई रोज विचारायची.

मी रोज दोनदा मागून घ्यायचो!