झरीकर सरांचं झरीन

आमच्या शिपायाला मुलगी झाली. तो पेढे घेऊन आला तर झरीकर सरांनी विचारलं, "बायकोला कळा किती वेळ होत्या?"

"रातभर, सर."

"आणि यील्ड एकच?"

झरीकर सर म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजातले सेंद्रिय रसायनशास्त्राचे डॉक्टर. यील्ड म्हणजे एवढा उपद्व्याप करून हाती काय लागलं ते. लग्नाच्या पंगतीपासून मंत्र्याच्या भाषणापर्यंत सगळ्याचं यील्ड त्यांना हवं असे. स्वतःच्या संशोधनाचं विचारलं की मात्र, "चालू आहे, बाई, चालू आहे." हे 'चालू आहे' मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकत होते.

मी वनस्पतिशास्त्राची. त्यामुळे पाला ओळखून द्यायचं बिनपगारी काम माझ्याकडे. आणि हा माणूस उकळायचा काय, तर तरोटा. रस्त्याच्या कडेला माजतो, ढोरंसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत, तो. स्पिरिटमध्ये उकळायचा, गाळायचा, आटवायचा, पुन्हा उकळायचा. माझ्या वर्गातली पोरं नाक धरून बसत. तक्रार केली तर सर म्हणत, "वास हा पुरावा असतो, बाई." डोंबलाचा पुरावा.

एका उन्हाळ्यात भांड्याच्या तळाशी पिवळसर तेलाचे थेंब उरले. हा पदार्थ जगात कुणालाच ठाऊक नाही असं सरांनी ठरवलं आणि त्याचं नाव ठेवलं झरीन. पोटच्या पोराचं बारसं कुणी एवढ्या थाटात करत नसेल. रसायनशास्त्राच्या नियतकालिकात लेख छापून आला. सरांनी नवा सफारी शिवला. पूर्णा स्टेशनात गाडीची वाट बघताना बाकावरच्या अनोळखी माणसालाही ते झरीन समजावून सांगत. मला अगदी उबग आला होता.

त्यांच्या हाताखाली गौतम नावाचा मुलगा पीएचडी करत होता. दलित वस्तीतला, हुशार, पण मुखदुर्बळ. दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून गावात माणसं एकमेकांकडे सरळ बघत नव्हती. 'सवलतीत घेतलेली पोरं' हा विषय आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं निघायचा, गौतमच्या कानावर पडेल अशा बेतानं.

एकदा मी पाला द्यायला प्रयोगशाळेत गेले तर गौतम भिंतीला टेकून उभा.

"सर, पाला घातलाच न्हाई. नुसतं स्पिरिट उकळलं. तरी झरीन निघालं."

"यील्ड?" सरांनी सवयीनं विचारलं.

"तेवढंच." मग खाली बघत म्हणाला, "झरीन निघायच्या आदी तुमी गंगाखेडला गेल्ता तवा रबराची नळी फाटली व्हती. मी बाईंच्या बागेतली प्लास्टिकची नळी जोडली. त्यातनंच उतरायलंय ते."

प्लास्टिक मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेल घालतात. ते तेल म्हणजे झरीन. मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. जिरली एकदाची, असं वाटलं. सर मात्र ती नळी काढून हातात घेऊन स्टुलावर बसले.

पुढच्या स्टाफ मीटिंगला ते उभे राहिले. "झरीन असं काही नाही. नियतकालिकाला तसं कळवलंय. प्लास्टिकची नळी मी लावली होती."

प्राचार्य हसून हसून डोळे पुसायला लागले. मागून कुणीतरी विचारलं, "सर, यील्ड किती?"

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "खोटं कशाला बोललात? नळी मी स्वतः त्या पोराच्या हातात दिली होती."

"हळू बोला, बाई," ते म्हणाले. "माझी चूक झरीकरची चूक म्हणून राहील. त्याची चूक त्याच्या एकट्याची राहू देतील का हे लोक?"

आत अजून हसणं चालू होतं.

झरीकर सरांच्या संशोधनाचा जगावर परिणाम झाला तो एवढाच, की त्यांची फजिती वाचून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी प्लास्टिकच्या नळ्या काढून टाकल्या. गौतमनं काचेची नळी लावून सगळं काम पहिल्यापासून केलं. डॉक्टर झाला, प्राध्यापक झाला. सर आता नाहीत. दर वर्षी गौतम नव्या पोरांना ही गोष्ट सांगतो, आणि चूक झरीकर सरांची होती असंच सांगतो. सरांनी त्याच्याकडून तसं वचन घेतलंय.

मी कुणाला वचन दिलेलं नाही.