महालिंगआप्पांची वेगळी चूल

कुणी आजारी पडलं की माणसं विचारतात, आता कसं आहे? आमच्या शेजारचे महालिंगआप्पा विचारतात, "यादीत हाय का?"

यादी म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत कोणकोणते उपचार फुकट होतात त्याची यादी. ती त्यांना तोंडपाठ आहे. मागे माझी बायको न्हाणीत घसरली, पाय टम्म सुजला. मी ऑटो शोधत पळतोय आणि आप्पा गल्लीत मला अडवून विचारतायत, हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय? मी म्हटलं, मुरगळलं असेल तर देव पावला. आप्पांचा चेहराच उतरला. "मुरगळणं यादीत न्हाई, गुरुजी. मोडलं असतं तर काम झालं असतं." मोडलं नव्हतं, आणि पैसे खरोखरच आमच्या खिशातून गेले.

आप्पांचं आमच्या गावात, बोरीत, कापडाचं दुकान आहे. हल्ली ते मुलगा विश्वनाथ बघतो. आप्पा सत्तरीला टेकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि काखेत कापडी पिशवी. पिशवीत अर्ध्या गल्लीच्या रेशनकार्डांच्या झेरॉक्स. त्यात माझीही आहे. मी दिली नव्हती, पण आहे. एका जागी बसणं या माणसाला माहीत नाही. सकाळच्या एसटीनं जिंतूरला तहसीलमध्ये, तिथून परभणीला दवाखान्यात, आणि संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात येऊन आज काय बदललं ते सांगणार. रोज काहीतरी बदललेलं असतंच. कालपर्यंत योजनेत असलेला दवाखाना आज योजनेत नसतो. ठरावीक रंगाच्या कार्डांची योजना आता सगळ्या रंगांना लागू झाली म्हणतात. नवी यादी येते, जुनी कधी गेली ते दवाखान्यालाही ठाऊक नसतं. त्यांच्याकडे बघूनच मला दम लागतो.

हॉटेलातल्या वादात त्यांच्याशी भिडतो तो मेडिकल दुकानवाला सुधाकर. त्याचं म्हणणं, योजना आली आणि दवाखान्यांचे दर चढले. सरकार भरतंय म्हटल्यावर हात आखडता कोण घेणार? आप्पा तावातावानं विचारतात, योजना नव्हती तेव्हा काय स्वस्ताई होती? तेव्हा माणसं दवाखान्याची पायरीच चढत नव्हती. इथवर आप्पांची सरशी असते. मग सुधाकर म्हणतो, खर्च वाढतोय, पण वर्षाचं विमा संरक्षण तेवढंच. ते चार दिवसांत संपलं की पुढं काय? हे ऐकलं की आप्पा चहा अर्धा टाकून उठतात.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण गेल्या वर्षी आप्पांनी एक गोष्ट केली आणि मला त्यांचा मनापासून राग आला.

त्यांची सून शोभा. पोरगी गुणाची, पण दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा परभणीला डायलिसिस. घरात असं दुखणं असताना या गृहस्थानं मुलाच्या रेशनकार्डातून आपलं नाव कमी करून घेतलं आणि एकट्याच्या नावाचं वेगळं कार्ड काढलं. कारण काय, तर सुनेच्या पथ्यामुळे घरात मीठ कमी पडतं आणि आळणी जेवण आपल्याला जात नाही. विश्वनाथला त्यांनी हेच सांगितलं, गावालाही हेच.

वेगळं कार्ड काढायचं तर चूल वेगळी आहे असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. तलाठी बघायला येतो. आमच्याकडे अशी कार्डं पुष्कळांनी वेगळी केली आहेत. तलाठी यायच्या दिवशी अंगणात तीन विटा मांडायच्या, वर पातेलं ठेवायचं, आणि तो गेला की सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. तलाठ्यालाही ते माहीत असतं. आप्पांनी मात्र अंगणापलीकडच्या खोलीत खरीच चूल मांडली. आयुष्यात कधी पाण्याचं भांडं न उचललेला माणूस भाकरी थापायला लागला. ती भाकरी मी पाहिली आहे. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. मी म्हटलं, अहो, तलाठी कधीच गेला, आता तरी मुलाच्या घरात जेवा.

"शपथेवर लिहून दिलंय, गुरुजी. खोटं कसं बोलावं?"

मिठासाठी घर फोडलं, असं गाव म्हणायला लागलं. सून आजारी पडली तर म्हातारा बाजूला झाला, असंही म्हणायला लागलं. म्हणणाऱ्यांत मी होतो. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र रोज येता-जाता विचारायचे, बायकोचा पाय कसा आहे.

मग माझ्या पित्ताशयात खडा निघाला. तो यादीत होता, त्यामुळे आप्पांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. परभणीच्या दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्र मॅडम बसतात. त्यांनी माझ्या कार्डावर गाव वाचलं आणि विचारलं, आप्पा कसे आहेत? मी तोंड वाकडं केलं. तशा त्या मला समोर बसवून सांगायला लागल्या.

दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या छातीत कळ आली होती आणि योजनेतून त्यांचं ऑपरेशन झालं होतं. ते मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की संरक्षण माणशी नसतं, एका कार्डावरच्या सगळ्यांना मिळून असतं. आप्पांनाही तेव्हा माहीत नव्हतं. ऑपरेशनात त्यातलं बरंच गेलं, उरलेलं शोभाच्या डायलिसिसमध्ये वर्ष सरायच्या आधी संपलं. मग विश्वनाथ पदरचे पैसे भरू लागला. शोभानं त्याची ओढाताण बघून तीन खेपांच्या दोनच केल्या. एके दिवशी तिला धाप लागलेली, अंग सुजलेलं, अशी उचलून आणली. मॅडमनी आप्पांना तेव्हा कार्डाचा नियम समजावून सांगितला. आप्पांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "म्हंजी मी सुनंचं खाल्लं का?"

त्या दिवसापासून यादी, पिशवी, एसटी. आणि आपलं पुढचं दुखणं सुनेच्या वाट्याला हात लावणार नाही, अशी वेगळी चूल. मॅडमसमोर मला माझीच लाज वाटली.

ऑपरेशन होऊन घरी आलो आणि चार दिवसांनी पहिल्यांदा शोभाकडे गेलो. आप्पा नेहमीप्रमाणे गावाला गेलेले. म्हटलं, पोरी, तुझ्या सासऱ्याबद्दल एक सांगायचंय. तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"मला ठाव हाय, गुरुजी. मॅडमनी मलाबी सांगितलंय. आमच्या ह्यान्ला न्हाई ठाव."

मी विचारलं, मग त्यांच्याशी हे बोलत का नाहीस?

"बोलले तर मी मामान्ला घरात जेवायला बोलावनार. त्यान्ला न्हाई म्हनावं लागल. कशाला त्यांच्या तोंडून न्हाई म्हनवून घ्यायचं?"

एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली. मागून घरातच राहणारी विश्वनाथची म्हातारी आत्या हळूच म्हणाली, पोरगी अजून सासऱ्याच्या आधी घास घेत नाही. चूल वेगळी झाली तरी नाही. पलीकडं त्यांचं ताट धुतल्याचा आवाज आला की मगच जेवते. डॉक्टर म्हणतात उपाशी पोटी मशीनवर जाऊ नको, आणि परभणीची गाडी तर सकाळी सात वाजता.

मंगळवारी शोभाची खेप होती. मी सहाच्या सुमाराला दूध आणायला निघालो, तर आप्पा अंगणापलीकडच्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेले. पूजा आटोपल्याशिवाय पाणीही न पिणारा हा माणूस. पूजा आज पहाटेच झालेली होती, भस्म अजून ओलं होतं. मांडीवर ताट घेऊन ते करपलेली भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळत होते. भूक कसली, घास आत जात नव्हता. मी म्हटलं, आप्पा, इतक्या लवकर?

"भूक लागली, गुरुजी."

भाकरी संपवून ते उठले आणि नळाखाली ताट धुवायला लागले. एक ताट धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त आवाज करत होते. समोरच्या स्वयंपाकघरात शोभानं पाट मांडला आणि स्वतःला वाढून घेतलं.