राणीचा झरोका

पोर्फिरिओनं चौकातल्या बारमध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "रविवारी किल्ला उघडतोय. दुपारी जेवायला बसेन तो लग्न ठरलेला माणूस म्हणूनच."

आता गावाची रीतच तशी. मागणी घालायची ती किल्ल्यावरच्या राणीच्या झरोक्यात. राणी म्हणे तिथं बसून लढाईवर गेलेल्या राजाची वाट बघायची, म्हणून तिथं मिळालेला होकार मोडत नाही. नेमका दुरुस्तीसाठी किल्ला बंद झाला, आणि हा विधुर गडी वेनान्सियाला विचारायचं म्हणून नुसता झुरत बसला. त्यात ती मुलीकडे माद्रिदला कायमची निघालेली, सोमवारच्या बसनं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

धापा टाकत दोघं वर पोचली. झरोक्यापाशी नवीकोरी पाटी लावली होती. पोर्फिरिओनं ती वाचली, आणि चुकून वाचलं असेल म्हणून परत एकदा वाचली.

"काय लिहिलंय हो?" वेनान्सियानं विचारलं. तिचा चष्मा घरी राहिला होता.

"राणीबद्दलच आहे. ती इथं बसायची."

"ते शेंबडं पोरही सांगेल. पुढं?"

"बराच वेळ बसायची."

आता उशीर नको म्हणून त्यानं गुडघा टेकला. तेवढ्यात गाइड पोरगी पाहुण्यांचा घोळका घेऊन आली. "आणि हा किल्ल्याचा शौचकूप. इथून सोडलेलं सगळं थेट खंदकात जायचं. आजोबा, जरा बाजूला होता का? लोकांना भोक दिसत नाहीये."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पोर्फिरिओला झालं. जन्मात एकदा धीर केला, तोही संडासाच्या दारात. वर लोकांनी फोटो काढले.

घोळका पुढं गेल्यावर वेनान्सिया भोकात डोकावली. "म्हणजे संडास."

"हो."

"आमच्या ह्यांनीही मला इथंच विचारलं होतं. गेले बिचारे. पण अख्ख्या संसारात मला कळलं नाही, नेमकं कुठं चुकलं ते."

"मग माझं काय, वेनान्सिया? उद्या तुमची बस आहे."

"खाली चला आणि चौकात विचारा. इथं दिलेला होकारही खंदकातच जायचा." असं म्हणून ती पायऱ्या उतरायलासुद्धा लागली.

म्हणजे अजून आशा होती तर. पोर्फिरिओ घाईघाईनं उठायला गेला, आणि पहिला नकार त्याच्या गुडघ्यानं दिला.