कानासकट फोटो

एका जंगलात एक शहर होतं. जंगलात शहर कुठून आलं, असं विचारू नका, मुलांनो. तुमच्या शहरात जंगलाचा कारभार चालतो, तेव्हा कुणी काही विचारतं का? मग हाताची घडी घाला आणि गोष्ट ऐका.

त्या शहरात वडाच्या चौकात केरबा कासव राहत असे. केरबा फोटोग्राफर होता. त्याचा कॅमेरा होता जुना, लाकडी पेटीचा, तीन पायांवर उभा राहणारा. इतर फोटोवाले पेटीमागे काळ्या कापडात डोकं घालतात. केरबाला कापड लागतच नसे. तो पेटीला कवच टेकवायचा आणि मान आत ओढून घ्यायचा. आत मस्त अंधार. त्या अंधारात, पेटीच्या काचेवर, समोरचं जग उलटं दिसायचं. उलटा वड, उलट्या म्हशी, उलटे पुढारी. केरबाला ते जग फार आवडायचं.

सकाळ झाली की तो पेटी पाठीवर टाकून गावभर हिंडायचा. डबक्यात डुंबणाऱ्या म्हशींचा फोटो काढायला बसायचा. तो तिवई रोवेपर्यंत म्हशी आंघोळ उरकून, वाळून, रवंथ करत बसलेल्या असायच्या. मग तो रवंथाचा फोटो काढायचा. मध विकणारी अस्वलीण, कावळ्यांची सभा, चिंचेखाली पिल्लांच्या उवा काढणाऱ्या माकडिणी, काहीही त्याला चालायचं. आणि चौकात परतला की गिऱ्हाइकं रांगेत उभी.

आता त्या शहराची एक रीत सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. फोटोवाल्याने ‘हसा!’ म्हटलं, की हसायचं. मग तुम्ही काहीही करत असा. एकदा भर बाजारात दोन बैलांची झुंज लागली. केरबा तिथून जाता जाता ‘हसा!’ म्हणाला. दोघेही शिंगांत शिंगं अडकवून छान हसले, आणि फोटो झाल्यावर पुन्हा कुठून सुरुवात करायची तेच विसरले. म्हाताऱ्या कावळेदादांच्या दहाव्याला सगळे रडत होते. केरबा ‘हसा!’ म्हणाला. सगळे हसले. मयताचा भाऊ तर दोनदा हसला, कारण पहिल्या खेपेला त्याचे डोळे मिटले होते.

पण केरबाची गोम अशी, की तो ‘हसा!’ म्हणायचा, मग सावकाश मान आत घ्यायचा, मग आत जरा स्थिरस्थावर व्हायचा, काच बघायचा आणि मग खटका दाबायचा. तोपर्यंत हसू येऊन, बसून, कंटाळून निघून गेलेलं असायचं. कागदावर उमटायचा तो हसू गेल्यानंतरचा चेहरा. मोर पिसारा फुलवून उभा राहिला, फोटोत आला तो पिसारा पाडून पाठ खाजवणारा नवरा. लांडोरीने तो फोटो छातीशी धरला. म्हणाली, “हाच तो. याच्याशीच मी लग्न केलंय.” मोर आठवडाभर केरबाशी बोलला नाही.

केरबाच्या शेजारच्या बिळात भिकू ससा राहायचा, बायको रखमासह. भिकूला आयुष्यात एकच दुःख होतं. त्याचे कान फोटोत येत नसत. ‘हसा!’ म्हटलं की त्याचे कान आनंदाने ताठ उभे राहायचे आणि थेट चौकटीबाहेर जायचे. मंडळाच्या फोटोत कान कापलेले. लग्नाच्या फोटोत कान कापलेले. सासरची माणसं तो फोटो बघून अजून विचारायची, “रखमीला उंदराला दिली व्हय?”

“केरबा,” भिकू म्हणायचा, “मरायच्या आधी एक फोटो. कानासकट.”

“काढू की. घाई काय आहे?” केरबा म्हणायचा. त्याला कसलीच घाई नसे.

त्या जंगलाचा राजा वाघ. (मुलांनो, सिंहाची नेमणूक त्या वर्षी रखडली होती.) झालं काय, की हरणं कुटुंबकबिल्यासह शेजारच्या जंगलात निघून जाऊ लागली. राजाला फार वाईट वाटलं. विशेषतः जेवणाच्या वेळी. त्याने प्रधान कोल्ह्याला बोलावलं.

कोल्हा म्हणाला, “महाराज, तुम्ही प्रेमळ आहात.”

“मी? कधीपासून?”

“उद्यापासून. फोटो निघाला की.”

ठरलं असं, की सिंहासनावर महाराज, महाराजांच्या मांडीवर ससा, आणि महाराजांच्या चेहऱ्यावर हसू. तो फोटो झाडोझाडी लावायचा. हरणं बघतील, विरघळतील आणि परत येतील.

अडचण फोटोवाल्याची होती. आधी मोबाइलवाल्या माकडाला बोलावलं. ते ‘हसा!’ म्हणालं, महाराज हसले, आणि महाराजांचे दात बघून माकड जे पळालं ते पळालंच. फोटोत फक्त आभाळ आलं आणि कडेला त्याची स्वतःची शेपटी. नंतर बगळ्याला बोलावलं. त्याच्या फोटोत शेपटीसुद्धा आली नाही. तेव्हा कोल्ह्याने डोकं चालवलं. ज्याला पळताच येत नाही, असा फोटोवाला हवा. केरबाला बोलावणं गेलं.

ससा कुठून आणायचा, हा प्रश्नच नव्हता. बातमी कानावर पडताच भिकूच केरबाच्या दारात हजर. “सिंहासन उंच असतं, केरबा! चौकट मोठी धरावी लागते! कान येणार म्हणजे येणारच!”

“अरे, पण वाघाची मांडी आहे ती.”

“तू आहेस ना समोर?”

केरबा भिडेखातर म्हणाला, “मी आहे की.”

रखमा बिळाच्या तोंडाशी उभी होती. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत. “भावजी, जसं नेताय तसं माणूस परत आणायचं. कानासकट. न्हाईतर तुमचं तोंड मला दावू नका.”

केरबाचं तोंड तसंही बराच वेळ आतच असायचं. पण हे शब्द मात्र कवचाच्या आत जाऊन बसले. वाटभर ते खडखडत होते.

दरबार भरला. आख्खं शहर लोटलं. कोल्ह्याने भिकूला बाजूला नेऊन नखशिखांत लोणी चोपडलं. “फोटोत चकाकी येते,” तो म्हणाला. भिकू इतका खूश, की त्याने कानांना दोनदा लावून घेतलं. मग तो टुणकन महाराजांच्या मांडीवर जाऊन बसला. केरबाने तिवई रोवली. ती रोवून होईपर्यंत प्रेक्षकांनी डबे उघडून जेवून घेतलं.

“हसा!” केरबा म्हणाला.

महाराज हसले.

मुलांनो, वाघाचं हसू तुम्ही चित्रात पाहिलं असेल. केरबाने ते चार हातांवरून पाहिलं. त्याची मान आज पहिल्यांदाच सर्रकन आत गेली. काचेवर वाघ उलटा दिसत होता. उलटा वाघ जरा कमी भयंकर असेल, अशी केरबाला आशा होती. छे. दात उलटे, पण दातच. केरबाने डोळे गच्च मिटून घेतले आणि खटका वगैरे सगळं विसरून आत थरथरत बसला.

बाहेर महाराज हसत राहिले. हसून हसून त्यांचे गाल दुखायला लागले. आणि नाकाखालून लोण्याचा वास दरवळू लागला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, कारण जेवण शेजारच्या जंगलात गेलं होतं. महाराजांनी भिकूला एकदा हळूच चाटलं.

“आहाहा! काय ती माया!” प्रजा म्हणाली.

महाराजांनी आणखी एकदा चाटलं. मग भिकूचे कान तोंडात घेतले.

“पापा घेतायत, पापा!” म्हशींच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मग कानांपाठोपाठ भिकूचं डोकंही आत गेलं. कोल्ह्याला सगळं कळत होतं, पण तो प्रधान होता, म्हणून तो टाळ्या वाजवत होता.

इतक्यात वाघाच्या तोंडातून भिकूचा आवाज आला. “केरबा! इथे अंधार झालाय! फ्लॅश टाक, फ्लॅश!”

केरबाने तो आवाज ऐकला आणि काय चाललंय ते त्याला कळलं. पळता येत नव्हतं. धावता येत नव्हतं. वाघाला ढकलणं तर सोडाच, त्याला भिकूपाशी पोहोचायलाच संध्याकाळ झाली असती. आत अंधार होता, ऊब होती, आणि रखमाचे शब्द होते. ‘कानासकट.’ आयुष्यात त्याला इतकं जड कधीच काही गेलं नव्हतं. पण त्याने मान बाहेर काढली. आणि छाती फुटेल इतक्या जोरात ओरडला,

“हसा!”

रीत म्हणजे रीत. सगळे हसले. म्हशी हसल्या, कोल्हा हसला, आणि महाराजही हसले. तोंड रुंदावलं, आणि लोणी लावलेला भिकू सुळकन बाहेर घसरला. खाली पडला, उठला, आणि त्याने जी धूम ठोकली, ती थेट बिळापर्यंत.

केरबाचं मात्र अजून काम राहिलं होतं. ‘हसा!’ म्हटलं होतं, म्हणजे फोटो काढायलाच हवा. त्याने सवयीने सावकाश मान आत घेतली, स्थिरस्थावर झाला, काच बघितली आणि खटका दाबला. तोवर हसू निघून गेलं होतं. फोटोत आला तो मोकळ्या मांडीकडे टक लावून बघणारा वाघ. ओठावर जीभ. डोळे पाणावलेले. तोंडचा घास गेलेल्याचा तो खराखुरा चेहरा होता.

कोल्हा फोटो फाडणारच होता. पण तेवढ्यात मागून कुणीतरी हुंदका दिला. “बघा हो! ससा उठून काय गेला, महाराज किती कासावीस झाले!”

“विरह!” मोर म्हणाला. त्याला असले शब्द येत.

तो फोटो झाडोझाडी लागला. हरणं रडत रडत परत आली. केरबाला राजछायाचित्रकार केलं आणि त्याच्या कवचावर झेंडूचा हार चढवला.

इकडे बिळात रखमाने भिकूचे कान मोजले. दोन्ही होते. लोणी आणि लाळेने चिकट झाले होते, पण होते. तिने केरबाला दारात बसवून गाजराची कोशिंबीर खायला घातली. केरबाला इतकं हलकं वाटलं, की हार घातलेला असूनही तो त्या दिवशी जवळजवळ भरभर चालत घरी गेला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी भिकू चौकात गेला आणि वडावरच्या फोटोसमोर उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग घरी येऊन कान विंचरू लागला.

“कुठं निघाला?” रखमाने विचारलं.

“मी गैरसमज करून घेतला गं. फोटो बघ. माझ्या आठवणीने माणूस वाळून चाललाय.”

“त्यानं तुम्हाला तोंडात घातलं हुतं!”

“ते मला आतून दिसलं. आतून नीट दिसत नाही. फोटो बाहेरून काढलाय.” मग भिकू हळूच म्हणाला, “शिवाय त्यात माझे कान आलेले नाहीत. कानच काय, मीच आलेलो नाही.”

आणि तो गेला. जाऊन मांडीवर बसला. महाराजांना भरून आलं.

रखमा केरबाकडे धावली. केरबाने हार काढून ठेवला, पेटी पाठीवर टाकली आणि निघाला.

तेव्हापासून केरबा सिंहासनासमोर बसून आहे. मान पूर्ण बाहेर, डोळे ताणलेले. महाराजांचा जबडा जरा हलला, की तो ओरडतो, “हसा!” महाराज हसतात, भिकू हसतो, दरबार हसतो. भिकूचे कान आनंदाने ताठ उभे राहतात. फोटो काढायचा तर केरबाला मान आत घ्यायला हवी, आणि मान आत घेतली तर ‘हसा!’ कोण म्हणणार? म्हणून तो फोटो अजून निघालेला नाही.

“काढलास का रे?” भिकू मांडीवरून विचारतो.

“काढतो की,” केरबा म्हणतो. “घाई काय आहे?”

तात्पर्य : वाघाच्या मांडीवर बसू नये, असं थोर माणसं सांगतात. तुम्ही खुशाल बसा, मुलांनो. फक्त समोरच्या फोटोवाल्याला सर्दी झालेली नाही ना, आणि त्याला मध्येच शिंक येणार नाही ना, एवढं आधी विचारून घ्या.