सांतान मेस्त्रीने पाइप बदलले

बुधवार, २० नोव्हेंबर १९६३. काम : पिकअपच्या पेट्रोल टाकीचे दोन रबरी पाइप बदलणे. एक जाड, एक बारीक. शहाण्या माणसाला अर्धा दिवस पुरे. आमच्याकडे या कामाला दोन वर्षं लागली, कारण आमचा मेस्त्री रविवारी इगर्जीत जाताना रुमालावर पेट्रोलचे दोन थेंब टाकून जात असे. लोक अत्तर लावतात तसे. एकदा पाद्रींनी त्याला दंडाला धरून मेणबत्त्यांपासून उठवलं आणि दाराजवळच्या बाकावर नेऊन बसवलं. सांतानला तो मान वाटला. "दारात बसलंय तर वारो लागता," असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

यजमान गेले तेव्हा मालवणातला सोडा-लेमनचा कारखाना माझ्या गळ्यात आला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, गॅस भरायचं यंत्र, बाटल्या धुणाऱ्या दोघी बायका आणि लढाईनंतर लिलावात घेतलेली एक अमेरिकन पिकअप. पिकअपबरोबर सांतान आला. त्याआधी तो पंधरा वर्षं बोटीच्या इंजिनघरात होता. गाडी तोच चालवायचा, दुरुस्तही तोच करायचा, आणि दोन्ही कामांत त्याचं तत्त्व एकच : "आदी रडांदे."

रडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ब्रेक किंचाळला की ब्रेक बघायचा. पावसाचं पाणी अंथरुणावर आलं की कौल फिरवायचं. एकदा दाढ धरून बसला होता म्हणून मी त्याला लवंग दिली, तर ती त्याने खिशात टाकली. दाढ अजून नुसती कुरकुरत होती म्हणे. तीन दिवसांनी गाल भोपळ्याएवढा झाला तेव्हा लवंग बाहेर निघाली. "आता रडली," तो मोठ्या समाधानाने म्हणाला.

आमच्या पिकअपची पेट्रोल टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच होती. तिचं तोंड तेवढं बाहेरच्या अंगाला. तोंडापासून टाकीपर्यंत मनगटाएवढा जाड रबरी पाइप. त्यातून पेट्रोल आत जातं. त्याच्या शेजारून करंगळीएवढा बारीक पाइप. त्यातून टाकीतली हवा बाहेर येते. हवा बाहेर पडली नाही तर पेट्रोलला आत जागा होत नाही. आमचा जाड पाइप टाचेसारखा भेगाळला होता आणि बारीक कुठेतरी चेपला होता. त्यामुळे केबिनमध्ये बसलं की डोकं भणभणायचं, धामापूरच्या वळणांवर पोटात ढवळायचं, आणि पेट्रोल भरताना गाडी निम्मं ओकून टाकायची.

मी तक्रार करायची. "मेस्त्रीनू, वास येता."

"वास म्हणजे रडणां न्हय, बाय. वास म्हणजे बोलणां. गाडी बोलता."

"माझ्या डोक्यात बोलता."

"तुझ्याशीच बोलतली मगे. मालकीण तू."

पेट्रोल भरायचं तर नरसाळं लावून पेल्यापेल्याने. पाऊण तास. "बाईमाणूस जेवक बसला की तेका घाई करू नये," हे त्यावरचं उत्तर. एका वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेला बाटल्या न्यायच्या होत्या. कोर्टातले एक कारकून नवा कोट घालून मसुऱ्यापर्यंत यायला निघाले. उशीर होतोय म्हणून त्यांनी सांतानच्या हातातला डबा हिसकावून घेतला आणि एकदम ओतला. गाडीने तो सगळा त्यांच्या कोटावर परत केला. त्यांच्या ओठात विडी होती. ती विझलेली होती, म्हणून ते आजही कोर्टात आहेत. सांतान हातातला रिकामा पेला हलवत म्हणाला, "सांगललंय मा, पेल्यान जेवता ती."

तर हाच माणूस गेल्या शुक्रवारी आपणहून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाय, बुधवारी गाडी मिळूची नाय. पायप बदलतंय."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "रडली?"

"नाय."

"मग?"

त्याने मान खाजवली. "लुसी येता. ब्येस्तरवारच्या बोटीन. सातवो म्हयनो लागलो. तिका वास सोसना नाय."

लुसी त्याची एकुलती एक मुलगी, मुंबईला दिलेली; गुरुवारच्या बोटीने यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज त्यांच्यातही आमच्यासारखाच. नवे पाइप त्याने महिन्यापूर्वीच कोल्हापूरच्या एसटी ड्रायव्हरकडे सांगून ठेवले होते. सायकलच्या ट्यूबवर आणि सुंभावर गाडी चालवणारा माणूस! पाइप मंगळवारी येणार होते.

"घरात बाईमाणूस कोण आसा तुमच्या?" मी विचारलं. बायको जाऊन त्याला नऊ वर्षं झाली होती.

"तू आसस."

"माका इचारलास?"

"इचारलंय असतंय तर नाय म्हटलं असतंस. आता मालवणभर सांगान झाला."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लुसीचं पत्र आलं. सांतानला वाचता येत नसे, म्हणून तिची पत्रं कारखान्याच्या पत्त्यावर येत आणि मी ती फोडून त्याला वाचून दाखवत असे. हे मी उभ्या उभ्याच वाचलं. लुसी येणार नव्हती. पत्राची घडी घालून मी ती पिशवीत ठेवली.

का ठेवली, ते सरळच सांगते. दोन वर्षं माझं डोकं दुखत होतं. पत्र शनिवारी वाचून दाखवलं असतं तर पाइपचं काम शनिवारीच बारगळलं असतं. बुधवारी काम होऊ दे, मग सांगू. चार दिवसांनी असं काय बिघडणार? मला त्या वेळी हा विचार अगदी व्यवहारी वाटला.

बुधवारी सकाळी मी शेडवर पोचले तर सीट अंगणात उलटी पडलेली, पेट्रोल झाकणाच्या डब्यांत काढून लांब ठेवलेलं, आणि सांतान बायकांवर ओरडत होता, "चूल पेटवशात तर सगळ्यांका एकदम सर्गात न्हेतंय!" त्या दिवशी कोणालाच चहा मिळाला नाही.

बारीक पाइप का चेपला तेही सापडलं. सीटचा लोखंडी पाय बरोबर त्याच्यावर टेकत होता.

"कोणी बसवली ही सीट?" मी विचारलं.

"एका मेल्या गाढवान," सांतान म्हणाला. सीट त्यानेच बसवली होती, पाय लांब करता यावेत म्हणून मागे सरकवून.

मग त्याने जे काम केलं तसं मी त्याच्याकडून कधी पाहिलं नव्हतं. टाकीच्या तोंडाचा गंज खरवडला, फडक्याने तीनदा पुसलं. नवा बारीक पाइप तोंडात धरून फुंकला, दुसरं टोक कानाला लावून पुन्हा फुंकला. सीटच्या पायापासून चार बोटं लांबून नेला. जाड पाइप दोन्ही टोकांना पितळी पट्ट्यांनी आवळला. मग सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस फासला, टाकीत हवा फुंकली आणि कुठे बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघत बसला. एका जागी आला. पट्टी सोडली, पुन्हा आवळली, पुन्हा फेस.

सीट परत बसवून, टाकीत थोडं पेट्रोल घालून तो माझ्याकडे आला. "बाय, तुझा नाक व्हया."

"तुमच्या नाकाक काय झाला?"

"माझा मेला. पेट्रोलाशिवाय तेका कायच कळना नाय, आनि पेट्रोल खंय नाय ताही कळना नाय."

त्याने मला केबिनमध्ये बसवलं, काचा वर केल्या, दार लावलं. बाहेर ऊन तापलेलं. मी आत घाम पुसत, मांडीवर पिशवी धरून वास घेत बसले. तो काचेला नाक लावून बाहेर उभा. बाटल्या धुणाऱ्या बायकाही हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मत्स्यालयातल्या माशासारखी माझी अवस्था.

"येता?" तो काचेबाहेरून ओरडला.

"येता. थोडो."

त्याने सीट पुन्हा काढली. दुसऱ्या खेपेलाही थोडा येत होता. पण तो जुना, गादीत मुरलेला निघाला. मग गादी सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात घातली. तिसऱ्या खेपेला मी अर्धा तास बसले. वास नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या केबिनला नुसता उन्हाचा वास येत होता. पत्र माझ्या पिशवीत होतं, आणि दार उघडून बाहेर येऊ नये असं मला वाटलं.

चार वाजता त्याने पूर्ण डबा नरसाळ्यात उपडा केला. गटगट करत सगळं पेट्रोल दोन मिनिटांत आत गेलं. एक थेंब परत आला नाही. सांतान रिकामा डबा घेऊन उभाच राहिला. नंतर म्हणाला, "लुसीक खिडकीकडे बसवतलंय. तू मधी बस. तुका चलात मा?"

मी पत्र काढलं.

"लुसीचा आसा," मी म्हणाले. तो बाकावर बसला, हात मांड्यांवर ठेवून. मी शेजारी बसून, नेहमीसारखं ओळींखाली बोट फिरवत वाचलं. सासूबाई म्हणतात इथे हॉस्पिटल जवळ आहे. मलाही तेच बरं वाटतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जेवणाची आबाळ करू नका. पाळणा केला असेल तर कुणा गरजवंताला द्या. मी घडी घातली.

"फुडे?"

"एवढाच."

"एक वळ ऱ्हवली, बाय," सांतान म्हणाला. "माका वाचूक येना नाय. मोजूक येता."

राहिलेली ओळ अशी होती : 'मला दुखायला लागलं तर तुम्ही वेळेवर डॉक्टरकडे न्याल याची मला खात्री नाही, पपा.'

मी ती वाचली.

लुसीची आई आनामारी पोटदुखीने गेली. दोन आठवडे दुखत होतं. ती कण्हली नाही, ओरडली नाही. भाकऱ्या भाजत होती, भाताला पाणी धरत होती. घरात तत्त्व ठरलेलं होतं. ती रडली तेव्हा डॉक्टरने नुसते हात धुतले. लुसी तेव्हा चौदा वर्षांची होती. आपल्या घरात काय झालं हे समजायला तेवढं वय पुरतं.

 कावळा येऊन गाडीच्या टपावर बसला, त्याला सांतानने हाकललं नाही.

"बरोबर लिवल्यान," अखेर तो म्हणाला. मग, "कदी इला ह्या?"

"शनवारी."

"आज बुधवार."

"हां."

"पायपांसाठी?"

"हां," मी म्हणाले. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू मेस्त्री होवक व्हयी होतंस, बाय. काम होईसर गिऱ्हायकाक कायच सांगूचा नाय." हे तो हसून म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. हत्यारं पुसून त्याने डब्यात भरली आणि तो घरी गेला. मी शेडला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला शेडवर गेले. सांतान आधीच स्टिअरिंगपाशी बसलेला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल. कुठे निघालात, असं मी विचारलं नाही. आज गुरुवार होता आणि बोट यायची होती. पत्र लिहिल्यावर माणसाचं मन बदलू शकतं, एवढंच त्याच्या डोक्यात असणार. मी दुसऱ्या बाजूने चढून शेजारी बसले.

"माका पण बंदरार जावचा आसा," मी म्हणाले. "मुंबयसून लेमनच्या अर्काचा खोका येवचा आसा."

खोकं पुढच्या महिन्यात यायचं होतं.

बोट लांब पाण्यात उभी राहिली. उतारू आणायला पडाव गेले. पहिला पडाव आला, त्यात चाकरमानी आणि ट्रंका. दुसऱ्यात एक लग्नाचं वऱ्हाड. प्रत्येक पडाव टेकला की सांतान पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभा राही आणि उतरणाऱ्या बायकांकडे एकेक करून बघे. तिसरा शेवटचा. त्यातून एक म्हातारा उतरला, एक शेळी उतरली, आणि मग नावाड्याने तळातलं पाणी उपसायला घेतलं.

सांतान वर आला. त्याने विजार पिळली. मग तो थेट बोटीच्या कारकुनाच्या टेबलापाशी गेला आणि टेबलावर हात आपटून ओरडला, "आमच्या बायचा खोका खंय आसा?"

कारकुनाने कागद चाळले. "तुमच्या नावाचं काहीच नाही हो या बोटीला."

"नाय म्हणजे? फटकी पडो तुमच्यार! माणूस हंय पाटेसून पाण्यात उबो आसा! घर साफ करून ठेवला, गाडी साफ करून ठेवली, आनि तुम्ही म्हणतास नाय? येतंय म्हणान सांगूचा आनि येवचा नाय, ह्या खंयचा शाणपण?"

माणसं जमली. कारकून बावरला. खोक्यासाठी घर कशाला साफ करतात, हे त्याला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी शहाणी दिसत होते म्हणून.

"बाई, तुमचं खोकं नक्की याच बोटीने येणार होतं का?"

"याच बोटीने," मी म्हणाले. "पुन्हा एकदा नीट बघा."

तो मान खाली घालून पुन्हा कागद चाळू लागला, आणि सांतान मेस्त्री पुन्हा सुरू झाला.