घरच्या झाडाचा विरोध

बागायतदाराच्या बागेत सगळ्या आंब्यांवर मोहोर लवकर आणायचं औषध फवारलं जाई, एक झाड सोडून. ते स्वयंपाकघरामागचं. लोकांना विकायचं ते फवारलेलं, आपल्या पोटात घालायचं ते बिनफवाऱ्याचं, असा साधा रिवाज होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

या झाडावर बागायतदाराच्या बायकोचा जीव. तिला सगळे वहिनी म्हणत. झाड मनात येईल तेव्हा मोहरे, वहिनी तोवर वाट बघे.

शेती खात्याकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी मोहरलेली बाग बघून शाबासकी दिली.

"मोठ्या साहेबांना हंगामाआधी पेट्या लागतील. यातल्या नकोत हं. घरच्या झाडाच्या."

"त्याला मोहोरच नाही अजून," वहिनी म्हणाली.

"मग आणा की!"

"फवारल्याशिवाय?"

"अर्थात फवारल्याशिवाय! मोठे साहेब खाणार आहेत. नाहीतर तुमचा परवाना बघावा लागेल."

बागायतदार मुकाट्याने पाठीवर पंप चढवून मागे गेला. वहिनी खोडाला पाठ लावून उभी.

"आधी माझ्यावर मारा, अहो! बघू मला मोहोर येतो का!"

पेच वर गेला. वरून खुलासा आला.

खुलासा: मालकाने स्वखुशीने फवारलेले झाड तेवढेच फवारलेले समजावे. मालकाचा वा त्याच्या घरच्यांचा विरोध असताना खात्याने फवारल्यास झाड बिनफवाऱ्याचेच राहील.

खात्याचा माणूस आला. फार नम्र.

"वहिनी, नको म्हणा."

"नकोच!"

"मनापासून?"

"मेल्या, पानाला हात तर लावून बघ!"

"वा! किती शुद्ध झाड," म्हणत त्याने पंप सुरू केला.

मोहोर आला. फांद्या वाकल्या. मोठ्या साहेबांनी बोटं चाटली, आणि बातमी फुटली. मग काय विचारता! बागोबागी बायका खोडांना मिठ्या मारू लागल्या. काहींनी रोजंदारीवर रडणाऱ्या आणल्या; ती फळं दुय्यम प्रतीची ठरली. वहिनीच्या फाटकावर खात्याने पाटी लावली: 'अस्सल विरोध. येथेच मिळेल.'

घरात खायला फोड उरली नाही.

एका वर्षी वहिनीने हिकमत केली. विरोधच केला नाही, ओठ घट्ट मिटून बसली. खात्याने संमती धरली आणि दुप्पट मारलं. निम्मी पानं गळली. पुढच्या वर्षी ती पुन्हा ओरडली, घसा बसेपर्यंत.

आता फाटकाशी रांग असते. त्या रांगेत, आंबा नाकाला लावून, तुम्ही होतात. हो, तुम्हीच.

"वहिनी, विरोध नक्की होता ना? घरात लहान मुलं आहेत आमच्या."

"होता."

"पुढच्या वर्षी अजून थोडे लवकर मिळतील?"

"नको हो," तिने हात जोडले. "मरेल ते."

ऐकून तुमचा जीव भांड्यात पडला. लगेच दोन पेट्या सांगून ठेवल्यात.