लेबल वाचणारे नाकाडे साहेब

आमचे नाकाडे साहेब लेबल वाचल्याशिवाय कोणतीही वस्तू तोंडात घालत नाहीत. भाचीच्या लग्नात पंगत अर्धी जेवून झाली तरी ते पाण्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरंच वाचत होते. मग वाढप्यानं पानात जिलबी टाकली, तर त्याला म्हणाले, "काहून गा, हिचं लेबल कुठं हाय?" जिलबीला लेबल नसतं, हे समजवायला शेवटी वधूपित्याला यावं लागलं.

साहेब औषध निरीक्षक, मी त्यांचा लिपिक. आमच्या वाट्याचं काम जनावरांच्या औषधांचं. परदेशातून चोरून येणारी, आपल्याकडे मंजुरी नसलेली इंजेक्शनं आम्ही पकडायची. सुई टोचली की म्हैस लगेच दूध सोडते, आणि हळूहळू आतून खंगत जाते.

हा माल नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामांत उतरायचा. खोक्यावर 'बांगड्या' लिहिलेलं, आत कापसात गुंडाळलेल्या बाटल्या, त्यांवर कुठल्या तरी मुलखाची लिपी. लेबल आहे पण वाचता येत नाही, याचा साहेबांच्या जिवाला फार त्रास. चष्मा काढून, लावून, बाटली उलटी करून पाहायचे आणि मला लिहायला सांगायचे : 'अक्षरे अनोळखी.' मग आम्ही माल सील करायचो, नमुना तपासणीला जायचा, आणि अहवाल येईपर्यंत भाडेकरू गोदाम सोडून गेलेला असायचा. एका गोदामावर आम्ही चौथ्यांदा छापा घातला, तेव्हा तिथल्या हमालानं न सांगताच आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या आणि पंच म्हणून सही करायला स्वतःच पुढे आला. परतताना जीपमध्ये साहेब एवढंच म्हणाले, "आभायले ठिगळ लावून राहिलो गा आपण."

गेल्या उन्हाळ्यात पकडलेल्या एका विक्रेत्यानं खापा गावातलं एक गिऱ्हाईक सांगितलं. मोठा तबेला असेल म्हणून आम्ही दोन शिपाई घेऊन गेलो. तिथं निघाल्या अनसूयाबाई, साठीच्या, आणि त्यांची एकुलती एक म्हैस. बाईंनी काही लपवलं नाही. तीन बाटल्या स्वतःच आणून पुढ्यात ठेवल्या. तिचं रेडकू मेल्यापासून म्हैस पान्हा चोरते, सुईशिवाय थेंब देत नाही, आणि घर तर हिच्याच दुधावर चालतं, असं त्यांनी सांगितलं.

साहेबांनी बाटल्या जप्त केल्या. बाईंचं नाव मात्र आरोपी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून लिहायला लावलं. इतक्या वर्षांत नियम सोडून त्यांनी केलेली ही एकच गोष्ट. आम्ही निघालो तेव्हा बाई म्हणाल्या, "बाटल्या तं नेल्या साहेब. आता सांजच्याले हिले कोन पिळन?"

 साहेब जीपमध्ये येऊन बसले आणि नागपूर येईपर्यंत रस्त्यावरची एकही पाटी त्यांनी वाचली नाही.

त्यानंतर दर रविवारी साहेबांचा फोन लागेनासा झाला. एकदा कोर्टाच्या कागदावर तातडीची सही हवी होती, म्हणून मी नागपुरात महाल भागातल्या त्यांच्या घरी गेलो. बायको गेल्यापासून साहेब तिथं एकटेच राहतात. दाराला कुलूप होतं. खालच्या शिंप्यानं सांगितलं, ते दर रविवारी खाप्याला जातात.

मीही खाप्याची बस धरली. अनसूयाबाई बादली घेऊन म्हशीखाली बसल्या होत्या. साहेब म्हशीची मान खाजवत तिच्या कानाशी हळूहळू बोलत होते. बाईंनी मला गप्प राहायची खूण केली आणि कुजबुजल्या, की सुई सुटल्यावर पहिला महिना म्हैस जवळजवळ कोरडीच होती. साहेबांनी जनावरांच्या डॉक्टरला विचारून कोमट पाण्यानं कास शेकायला शिकवलं. आता रोज थोडंफार देते. "पन साहेब बोलत रायले का भरून पान्हा सोडते."

मला वाटलं, साहेब तिला बाटल्यांचं काही सांगत असतील. मी दोन पावलं पुढे गेलो.

"काल भाजीत मीठ जास्त झालं वं," साहेब म्हशीला सांगत होते. "दोन्ही वेळा तेच खाल्ली. सांगाले कोनी नाई, मंग आपला अंदाज चुकतच जाते."

बादलीत धार वाजू लागली. साहेबांचं सांगणं अजून संपलं नव्हतं. मी कागद खिशात ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.